सभामंडपाचे आमदार आणि सभागृहाचे आमदार

गेल्या महिन्यात आमच्या गावात घरोघर एक पुस्तिका वाटली गेली. जाड, गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, मुखपृष्ठावर हात जोडलेले आमदार आणि त्यांच्या डोक्यावर पक्षश्रेष्ठींची मानाच्या क्रमाने मांडलेली छायाचित्रे. नाव ‘कार्यअहवाल’. आमदारांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. ते कोणत्या पक्षाचे, हेही सांगण्याची गरज वाटत नाही. नाव आणि चेहरा बदलला, तर हीच पुस्तिका महाराष्ट्रातील कोणत्याही मतदारसंघात, कोणत्याही झेंड्याखाली खपून जाईल. त्या गृहस्थांशी माझे वैर नाही. ते लग्नाला येतात, दहाव्याला येतात, फोन उचलतात; माणूस म्हणून त्यांच्याविषयी तक्रार करण्यास मला जागा नाही. माझा वाद त्या पुस्तिकेशी आहे, आणि ती चाळून ‘काम केले बुवा माणसाने’ म्हणून मान डोलावणाऱ्या आपणा सर्वांशी आहे.

जुन्या सवयीप्रमाणे मी ती हातात पेन्सिल घेऊन वाचली. अमक्या गावी सभामंडप, तमक्या वस्तीवर काँक्रीटचा रस्ता, स्मशानभूमीला शेड, व्यायामशाळेला साहित्य, चौकात हायमास्ट दिवा, देवळासमोर पेव्हर ब्लॉक. प्रत्येक कामापुढे लाखांचा आकडा, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘आमदारसाहेबांच्या विशेष प्रयत्नांतून’ ही अक्षरे. मग जलजीवन मिशनच्या नळयोजना येतात. त्यांचा पैसा केंद्र आणि राज्य सरकार मिळून देतात, पण येथे तोही साहेबांच्याच प्रयत्नांतून आलेला आहे. मग लाडकी बहीण योजनेतील स्त्रियांची संख्या येते, जणू २०२४ पासूनचे महिन्याचे दीड हजार रुपये साहेब स्वतःच्या बटव्यातून मोजून देत होते. पुढे आरोग्य शिबिर, वह्यावाटप, हरिनाम सप्ताहास भेट, दहीहंडी, वाढदिवस. चौसष्ट पानांत ‘विधानसभा’ हा शब्द मला नावाखालच्या बिरुदाखेरीज एकदाच आढळला. तो विधानभवनाच्या पायऱ्यांवर काढलेल्या एका छायाचित्राखाली होता.

ज्या सभागृहात बसण्यासाठी आपण या गृहस्थांना निवडून दिले, तेथे त्यांनी काय केले, याविषयी त्या चौसष्ट पानांत एक ओळही नाही. किती तारांकित प्रश्न विचारले, कोणती लक्षवेधी लावली, कोणत्या विधेयकावर बोलले, कोणत्या मागणीवर कपात सूचना दिली, कोणत्या समितीवर होते आणि तिच्या बैठकींना गेले की नाही, मंत्र्याकडून कोणते आश्वासन मिळविले आणि ते पाळले गेले काय, यांतले काहीच नाही. एखाद्याने पीक राखावयास माणूस ठेवावा आणि हंगाम संपल्यावर त्याने किती पीक राखले हे न सांगता, आपण बांधावर फुलझाडे किती लावली याची यादी पुढे करावी, तसा हा प्रकार आहे. फुलझाडांना कोणी वाईट म्हणत नाही. पण पिकाचे काय झाले?

आमदारकी म्हणजे काय, हे आज पुन्हा मुळापासून सांगण्याची पाळी यावी, हीच खेदाची गोष्ट आहे. राज्य सरकारला विधानसभेच्या मंजुरीवाचून तिजोरीतील रुपया खर्च करता येत नाही. राज्यघटनेच्या २०२ ते २०५ या कलमांत अंदाजपत्रक, अनुदानाच्या मागण्या, विनियोजन आणि पुरवणी मागण्या यांची सर्व व्यवस्था याच तत्त्वावर बांधलेली आहे. १९४ व्या कलमाने तर आमदाराला असे संरक्षण दिले आहे की, सभागृहात तो जे बोलेल त्यासाठी कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर कारवाई होऊ शकत नाही. हे कवच घटनाकारांनी कशासाठी दिले? नारळ फोडताना कोणाचे संरक्षण लागत नाही. सत्तेला आणि पैशाला तोंडावर नको ते प्रश्न विचारता यावेत, बड्या माणसाचे नाव घेता यावे, आपल्याच सरकारच्या मंत्र्याला अडचणीत आणता यावे, यासाठी ते आहे. जो आमदार पाच वर्षांत असे एकदाही बोलला नाही, त्याला ते कवच मिळून न मिळाल्यासारखेच.

आता आकड्यांकडे पाहू. महाराष्ट्राचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक एकूण ७,००,०२० कोटी रुपयांच्या खर्चाचे होते. आमदाराच्या वाट्याला येणारा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा. म्हणजे आमदार ज्या रकमेचा अहवाल आर्ट पेपरवर छापतो ती रक्कम, ज्या रकमेवर त्याने राखण करावयाची तिचा एक लाख चाळीस हजारावा भाग आहे. दोन्ही सभागृहांतील सर्व ३६६ सदस्यांचा निधी एकत्र केला तरी तो १,८३० कोटी होतो. शंभर रुपयांतले सव्वीस पैसे. उरलेले नव्व्याण्णव रुपये चौऱ्याहत्तर पैसे कोठे गेले, कोणाच्या घशात गेले, शेतमजुराच्या वाट्याला किती आले आणि कंत्राटदाराच्या किती, हे विचारण्याचा हक्क या राज्यात घटनेने मोजक्याच माणसांना दिला आहे. आणि ती माणसे सव्वीस पैशांची यादी घेऊन आपल्या दारात उभी आहेत!

या सव्वीस पैशांची रीतही समजून घेण्यासारखी आहे. आमदार काम सुचवितो. म्हणजे एक पत्र देतो. ते पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जाते, बांधकाम खाते किंवा जिल्हा परिषद अंदाजपत्रक तयार करते, तांत्रिक मान्यता मिळते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात आणि काम सुटते. लहान कामे मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्या नावाने वाटण्याची सोय आहे. त्या संस्थांत मजूर किती आणि पुढाऱ्यांचे भाचे-पुतणे किती, हे प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याला ठाऊक असते. याखेरीज लोकप्रतिनिधींनी सुचविलेल्या कामांसाठी ग्रामविकास खात्याचे ‘पंचवीस-पंधरा’ हे लेखाशीर्ष आहेच. ‘साहेब, पंचवीस-पंधरातून करून द्या’ ही आता ग्रामीण भागात नित्याची बोलभाषा झाली आहे. कायद्यातील एकही कलम ज्यांना ठाऊक नाही, त्यांना लेखाशीर्षाचा आकडा पाठ असतो.

२०२० च्या आरंभापर्यंत हा आमदार निधी २ कोटी होता. मार्च २०२० मध्ये तो ३ कोटी झाला, २०२१ मध्ये ४ आणि २०२२ मध्ये ५. ही वर्षे कोणती होती ते आठवावे. महामारीमुळे तिजोरी रिकामी झाल्याचे सरकार रोज सांगत होते, आणि त्याच वर्षांत हा निधी मात्र चढत गेला. तो वाढविणारे सरकार एका आघाडीचे होते, पुढे ते पडून दुसऱ्या युतीचे आले. निधी कोणी कमी केला नाही. बाकी सर्व प्रश्नांवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी बाके या एका प्रश्नावर एकाच सुरात बोलतात. केंद्र सरकारने नेमलेल्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली खासदार आणि आमदार या दोघांचेही असे निधी बंद करावेत, अशी शिफारस केली होती. कायदे करणाऱ्याने आणि देखरेख ठेवणाऱ्याने स्वतःच खर्च करावयास बसू नये, हे त्यामागचे साधे तत्त्व. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासदार निधी घटनाबाह्य नाही असा निर्णय दिला, हे खरे. पण घटनेला जे चालते ते सगळेच लोकशाहीच्या प्रकृतीला मानवते असे नव्हे.

निधीची ही चटक कोठवर नेते, तेही आपण पाहिले आहे. जून २०२२ मध्ये सत्तारूढ आघाडीतील आमदारांचा मोठा गट फुटला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी जाहीरपणे सांगितलेल्या कारणांत ‘आम्हाला मतदारसंघासाठी निधी मिळत नव्हता’ हे एक कारण होते. जुलै २०२३ मध्ये दुसरा पक्ष फुटला, तेव्हाही ‘विकासासाठी सत्तेबरोबर’ हीच आरती ऐकू आली. एका दृष्टीने ते प्रामाणिक होते म्हणावयाचे! कारण आमदारकी म्हणजे निधी आणणे, असे एकदा ठरले की विरोधी पक्षात बसणे हा मतदारांचा विश्वासघातच ठरतो. ज्याच्याकडे किल्ली त्याच्या दारात उभे राहणे, हेच मग लोकप्रतिनिधीचे कर्तव्य होते. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. पण पक्षांतराचे जे कारण, ते मतदारांच्याच तोंडी बसवून ठेवलेले असेल तर कायदा काय करणार?

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण देणे जरूर आहे. महाराष्ट्रात पंचायत राज्याची घडी बसविण्यासाठी वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; तिच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आमदार-खासदारांना या संस्थांत स्थान असू नये, असे त्या समितीने म्हटले होते. हे म्हणणारे काही समाजवादी नव्हते. ते काँग्रेसचे मंत्री होते आणि पुढे मुख्यमंत्री झाले. पण त्यांना एवढे कळत होते की, गावचा रस्ता, विहीर, शाळेची खोली ही गावाने आणि जिल्ह्याने निवडलेल्या माणसांची कामे आहेत; त्यांत आमदार घुसला की दोन्ही ठिकाणचे काम बिघडेल. आज काय चित्र आहे? आमदार निधी, पंचवीस-पंधरा आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती यांच्या मार्गाने तोच आमदार मागच्या दाराने जिल्हा परिषदेच्या डोक्यावर बसला आहे. बरे, त्या संस्था तरी शाबूत राहाव्यात! मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे देशातील या सर्वांत श्रीमंत महापालिकेवर प्रशासकाचे राज्य होते. राज्यातील बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या यांची हीच गत झाली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता हे कारण खरेच. पण या वर्षांत नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही, अशा रिकाम्या मैदानात आमदार हाच एकमेव ‘साहेब’ उरला, आणि त्याला त्याचे फारसे दुःख झालेले दिसले नाही. आपल्या मतदारसंघात चार वर्षे लोकनियुक्त संस्था नाहीत म्हणून सभागृह बंद पाडणारा आमदार कोणाला आठवत असेल, तर त्याने मला अवश्य कळवावे.

आता या म्हणण्यावर जो आक्षेप येतो, तो हलका मानून चालणार नाही. आमच्या वस्तीवरील एका बाईंनी तो माझ्या तोंडावरच घेतला. त्या म्हणाल्या, “भाऊ, पावसाळ्यात पोरं गुडघाभर चिखलातनं शाळेला जात होती. साहेबांनी रस्ता दिला. तुमच्या त्या प्रश्न विचारण्यानं चिखल जाणार होता का?” मी गप्प राहिलो. चिखल खरा आहे आणि रस्ताही खरा आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला जे सुचले, ते येथे लिहितो. तो रस्ता वीस वर्षांपूर्वी व्हावयास हवा होता आणि तो मिळणे हा त्या वस्तीचा हक्क होता. ज्या दिवशी तो ‘साहेबांनी दिला’ त्या दिवशी तो हक्क राहिला नाही. ती बक्षिसी झाली. पलीकडच्या पारधी वस्तीने साहेबांना मते दिली नाहीत, म्हणून तेथे आजही चिखल आहे. हक्क सर्वांना सारखा मिळतो. बक्षिसी मर्जीतल्यांना मिळते. शिवाय ती भावकी पाहून, जात पाहून तुकड्यातुकड्यांनी मिळते: या समाजाचा सभामंडप, त्या समाजाचे भवन, तिसऱ्या समाजाचे सभागृह. एकाच गावात चार मंडप आणि चारही वर्षातून अकरा महिने कुलूपबंद, हे दृश्य कोणी पाहिलेले नाही?

आणि दोष एकट्या आमदारांचा आहे, असे म्हणण्याचा आपणांस तरी काय अधिकार? कबुली देऊन टाकतो. आमच्याच शाखेच्या वाचनालयाला एक खोली हवी होती, तेव्हा आमदार निधीचे पत्र मिळविण्यासाठी मी स्वतः दोनदा त्यांच्या संपर्क कार्यालयात ताटकळत बसून आलो आहे. पत्र मिळाले नाही, ही गोष्ट निराळी. मिळाले असते तर आमच्याही दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली असती आणि आज हा लेख लिहिताना माझा हात थोडा अडखळला असता. निधीची हीच तर खरी किंमत आहे. त्याने विरोधकाचे तोंड फार कमी खर्चात बंद होते.

दुसऱ्या प्रकारचे आमदार या राज्याने पाहिलेले नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि २०१४ मध्ये त्याच मतदारसंघातून अकराव्यांदा. मधल्या काळात १९७२ आणि १९९५ असे दोनदा ते पराभूतही झाले. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस बहुतेक काळ विरोधी बाकावर बसला. म्हणजे आजच्या हिशेबाने त्यांनी मतदारसंघाचे अर्धशतक वाया घालविले म्हणावयाचे! सांगोला हा दुष्काळी तालुका. तेथे गणपतरावांना लहानसहान कामे वाटून निवडून येणे अशक्य नव्हते. त्यांनी नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरविल्या आणि कृष्णेच्या पाण्यावरील हक्काचा प्रश्न बाहेर रस्त्यावर आणि आत सभागृहात, असा दोन्हीकडून लावून धरला. एका तालुक्याच्या आमदाराने तेरा तालुक्यांचे पाणी मागितले. सांगोल्याच्या मतदारांना हे समजत होते, म्हणून त्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडले. ‘लोकांना रस्ता-गटारच कळते’ असे म्हणणाऱ्यांनी सांगोल्याच्या शेतकऱ्याची एकदा क्षमा मागावी.

वि. स. पागे यांचे उदाहरण तर सत्ताधारी पक्षातील आहे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना मांडली, तासगाव तालुक्यातील विसापूर भागात तिचा प्रयोग केला आणि १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले. त्या दुष्काळात मजुरांचे जे मोर्चे निघाले, त्यांत या साप्ताहिकाच्या जुन्या वाचकांपैकी कित्येक जण चालले असतील. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसविला गेला; शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी पैसे द्यावेत, असा तो विचार होता. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे बीज येथले. पागे यांनी आपल्या गावात किती पेव्हर ब्लॉक बसविले, हे कोणी विचारले आहे काय? मृणालताई गोरे १९७२ साली समाजवादी पक्षातर्फे विधानसभेत गेल्या. त्यांनी पाणी, रेशन, महागाई यांसाठी लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आणल्या, पण रस्त्यावरचा प्रश्न सभागृहात नेल्याखेरीज त्या थांबल्या नाहीत. १९८५ नंतर पुन्हा आमदार असताना गर्भजल परीक्षेचा दुरुपयोग करून मुली मारल्या जात आहेत, हा प्रश्न त्यांनी व स्त्री-संघटनांनी लावून धरला, आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राला तसा कायदा करावयास १९९४ उजाडले.

आज त्या सभागृहात काय चालले आहे? प्रथम, ते भरतेच किती? सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२० आणि जुलै २०२१ ही तीन अधिवेशने दोन-दोन दिवसांत आटोपली. तेव्हा महामारी होती असे मानू. पण डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत, सहा दिवसांचे झाले. डिसेंबर २०२५ चे ८ ते १४, म्हणजे सात दिवसांचे. १९५३ च्या नागपूर करारातील वचन पाळल्याचा देखावा करण्यासाठी सगळे सचिवालय नागपूरला हलवावयाचे आणि सामान पुरते सोडण्यापूर्वी परत बांधावयाचे. त्या २०२५ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताही नव्हता. अंदाजपत्रकाची अवस्था याहून वेगळी नाही. जून २०२४ च्या अखेरीस अंदाजपत्रक मांडले गेले आणि पंधरा दिवसांच्या आत सरकारने ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आणल्या. पंधरवड्यापूर्वी केलेला हिशेब जर लाखभर कोटींनी चुकत असेल, तर तो हिशेब होता की निवडणुकीची तयारी, हे विचारणे प्रत्येक आमदाराचे काम होते. पण पुरवणी मागण्यांत आपल्या मतदारसंघाची दोन कामे घुसवून घेण्यात जो गुंतला आहे, तो त्याच मागण्यांवर कपात सूचना कोणत्या तोंडाने देणार?

आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक प्रथम जुलै २०२४ मध्ये आले. संघटनांना बेकायदा ठरविण्याचा, त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्यांना तुरुंगात घालण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती लोकांकडून आल्या. लोकांना त्यातला धोका कळला होता. त्या लोकांच्या प्रतिनिधींनी काय केले? १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले आणि विरोध नोंदविला तो डहाणूचे मार्क्सवादी आमदार कॉ. विनोद निकोले यांनी एकट्याने. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद जुने आहेत आणि ते राहतीलही; पण दोनशे अठ्ठ्याऐंशींच्या सभागृहात त्या दिवशी ताठ उभा राहिलेला तो एकच आवाज होता, हे लिहून ठेवले पाहिजे. विधान परिषदेत दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभात्याग केला. एकदा विधेयक खालच्या सभागृहातून सुटल्यावर वरच्या सभागृहातून बाहेर पडून काय साधते?

आवाजी मतदानात कोणी ‘होय’ म्हटले आणि कोणी ‘नाही’, याची नावनिशी नोंद राहत नाही. नोंद हवी असेल तर मतविभाजन मागावे लागते, आणि ते मागावयास माणूस उभा राहावा लागतो. म्हणून १० जुलै २०२५ रोजी आपला आमदार काय म्हणाला, हे जाणण्याचा मार्ग एकच: त्याला विचारणे. माझ्यापुढच्या पुस्तिकेत जुलै २०२५ ची नोंद आहे. त्या महिन्यात दिंडीतील वारकऱ्यांना छत्र्यांचे वाटप झाले.

त्याच पुस्तिकेच्या सतराव्या पानावर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीचे छायाचित्र आहे. इमारत चांगली आहे. फरशी गुळगुळीत आहे, पोर्चमध्ये कोनशिला आहे. त्या केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन पदे आहेत. एक कित्येक महिने रिकामे आहे, दुसऱ्यावरचे डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या केंद्राचा कार्यभार सांभाळतात. गेल्या श्रावणात एका ऊसतोडणी कामगाराच्या बायकोला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा शिपायाने जिल्ह्याच्या गावी न्या म्हणून सांगितले आणि ती वाटेत जीपमध्ये बाळंत झाली. सुदैवाने दोघेही वाचली. इमारत बांधणे निधीने होते. पद भरणे निधीने होत नाही. ते खात्याच्या मागणीवर बोलून, तारांकित प्रश्न टाकून, मंत्र्याला सभागृहात ‘अमुक मुदतीत भरतो’ असे म्हणावयास लावून होते. मंत्र्याने एकदा तसे म्हटले की ते आश्वासन समितीच्या वहीत चढते, आणि मग आमदार तिच्याकडे पाठपुरावा करू शकतो. सरकारला इमारती बांधणे परवडते, कारण त्यात एकदाच पैसा जातो आणि तो कंत्राटदाराच्या मार्गाने फिरून येतो. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना दरमहा पगार द्यावा लागतो. म्हणून गेल्या काही वर्षांत इमारती वाढत गेल्या आणि माणसे कमी होत गेली. कार्यअहवाल इमारतींचा छापला जातो, रिकाम्या खुर्च्यांचा नाही.

आमच्या शाखेने या वेळी एवढेच केले. चार कार्यकर्ते बसलो आणि आमदारांना एक पत्र लिहिले. त्यात विचारले की, मागील तीन अधिवेशनांत आपण कोणते प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे काय मिळाली. जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी आपण सभागृहात होता काय आणि काय म्हणालात. पुरवणी मागण्यांत या तालुक्यातील आरोग्य सेवेसाठी काय होते. आणि येत्या अधिवेशनात आरोग्य केंद्रातील रिकाम्या पदांविषयी आपण तारांकित प्रश्न देणार काय. प्रश्नाचा मसुदाही सोबत जोडला, म्हणजे वेळ नव्हता असे म्हणावयास नको. जेथे जेथे आपले कार्यकर्ते आहेत, तेथे त्यांनी आपापल्या आमदाराला असेच पत्र द्यावे. सत्ताधारी असो वा विरोधी, आणि आपला म्हणविणारा असेल तर त्याला आधी. सभागृहाची कार्यवाही छापली जाते, प्रश्नोत्तरांच्या याद्या निघतात. त्या मिळवून वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतील. आमदाराने छापलेला अहवाल वाचून झाला की न छापलेला आपण तयार करून चावडीवर वाचावा.

गेल्या सोमवारी आम्ही ते पत्र संपर्क कार्यालयात नेऊन दिले. साहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या स्वीय सहायकांनी पत्र दोनदा वाचले, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारले, “पण यात काम कोणतं आहे?” आम्ही म्हटले, हेच काम आहे. त्यांनी पोच दिली आहे. उत्तर आले की याच पानावर छापू.